कार्डावरचे बाबा

आमच्या पूर्णगडच्या घरी रेशनकार्डावर गेल्या वर्षापर्यंत दोनच नावं होती. कुटुंबप्रमुख म्हणून बाबांचं आणि त्याखाली आईचं. भाऊ मुंबईला, मी रत्नागिरीत, आम्ही आमची वेगळी कार्डं केव्हाच काढली. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं नाव कमी करायचा विषय काढला की आई उठून आत जायची.

तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला कधी वाटलं नाही. बाबा बोटीवर नोकरीला होते. वर्षातले महिना-दीड महिना घरी, बाकी कुठल्या तरी समुद्रात. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत तीच तऱ्हा. "माणूस बोटीवर असला तरी नाव घरात ऱ्हायला हवं," असं ती म्हणायची. ते गेल्यावरही तिने तोच नियम चालू ठेवला. कार्ड केशरी, त्यावर धान्य काही मिळत नव्हतं, म्हणजे सरकारचंही कुणी खात नव्हतं. सातबाऱ्यावर पणजोबा अजून सुखाने नांदतात त्या कोकणात एका रेशनकार्डाचं कोण मनावर घेतो?

मनावर घेतलं ते हृदयाने. गेल्या वर्षी आई अंगणातली चार पावलं चालली की छाती धरून बसायला लागली. शहरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्तवाहिनी बंद होत आलीय, स्टेंट घालावा लागेल, आणि लांबवू नका. खर्च आम्हा दोघा भावांच्या ऐपतीबाहेरचा होता. पण सरकारी आरोग्य योजना आहे, रेशनकार्डावर होतं, असं सगळेच म्हणाले. मीही निर्धास्त झालो.

रुग्णालयात योजनेच्या टेबलावर एक मुलगी बसायची. तिने आईचा अंगठा घेतला, संगणकावर पाहिलं आणि म्हणाली, "काका, कार्ड बंद दाखवतंय. कुटुंबप्रमुखांची पडताळणी झालेली नाही. त्यांना घेऊन या."

"कुठून आणू?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. त्या पोरीचा काय दोष? ती हळूच म्हणाली, "मग नाव कमी करून आणा. त्याशिवाय मंजुरीची विनंती पुढेच जात नाही." केस तातडीची असती तर फोनवर मंजुरी मिळाली असती म्हणे. आई अजून आपल्या पायांनी चालत होती, हाच तिचा गुन्हा.

त्या दिवशी घरी आई जेवली नाही. "मना नको ते आपरेशन," म्हणाली. मी चिडलो, समजावलं, शेवटी रडलो. तेव्हा कुठे ती माझ्याबरोबर तहसील कार्यालयात आली.

तिथला कारकून भला माणूस होता. मृत्यूचा दाखला पाहिला, कागद पाहिले आणि आईला विचारलं, "आजी, कोणाचं नाव कमी करायचं?" मी सांगायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवून म्हणाला, "अर्ज त्यांचा आहे, त्यांना सांगू दे." आईने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'हे' म्हणायचं, नाही तर पोरांचे बाबा. लग्नातला उखाणा सोडला तर तिने ते नाव कधी घेतलं नसावं, मी तरी ऐकलेलं नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाबांचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, खणखणीत. कारकुनाने बटण दाबलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

एवढं करून रुग्णालयात आलो, तर टेबलावरच्या संगणकात बाबा जिथल्या तिथे! तहसीलातल्या पुरवठा खात्याचा संगणक वेगळा, योजनेचा वेगळा, आणि एकातलं दुसऱ्यात कधी उतरेल ते त्या मुलीला ठाऊक नव्हतं. आईला दिसावं म्हणून तिने संगणकाचा पडदा वळवला. आईचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. "हायत बघ अजून," ती मला म्हणाली. मग मुलीला म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो बाय."

सरकारी यंत्रणा आधुनिक करायला हवी का, यावर हल्ली सगळेच बोलतात. मी पाहिले ते दोन्ही संगणक नवेकोरे होते. फक्त त्यांच्यातला निरोप एसटीने जात होता आणि निरोप्या मी होतो. आधी या अर्जाची प्रत तिकडे, मग तिकडचा शिक्का इकडे. एव्हाना आईला रुग्णालयात दाखल करून घेतलं होतं आणि तिचा श्वास दिवसेंदिवस अपुरा पडत होता. रोज सकाळी मी त्या टेबलासमोर उभा राहायचो आणि बाबांचं नाव पुसलेलं असू दे, अशी देवाला प्रार्थना करायचो. असली प्रार्थना करायची वेळ कुठल्या मुलावर येऊ नये. यंत्र नवं हवं की जुनं, ते जाणत्यांनी ठरवावं. मला एवढंच कळतं, की दाखला एका खिडकीत दिला की तो सगळ्या खिडक्यांना कळायला हवा. आणि कुठे अडलंच, तर समोरचा माणूस बघून 'हो' म्हणायचा अधिकार त्या टेबलावरच्या पोरीला तरी हवा.

एका सकाळी ती मुलगी स्वतःच वॉर्डात आली. "काका, झालं! पुन्हा एकदा अंगठा लागेल आजींचा." आईला चाकाच्या खुर्चीत बसवून टेबलापर्यंत नेलं. मंजुरी संध्याकाळपर्यंत आली, स्टेंट नीट बसला, आणि आज आई अंगणात निवांत फिरते. त्या सकाळी टेबलासमोर मात्र ती धापा टाकत पडद्याकडे बघत होती. कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव लागलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, कुटुंबातील एकूण व्यक्ती : एक.

आईला वाचता येतं. तिने ते वाचलं.

"एकच?" तिने विचारलं.

मुलीला वाटलं काही चुकलं की काय. ती घाईघाईने म्हणाली, "हो आजी, आता बरोबर आहे."

आईने मान हलवली आणि अंगठा पुढे केला.