वजीरआत्याने निवडलेलं मशीन

वजीरआत्याच्या दारावर आलेला माणूस एक चाल खेळल्याशिवाय सुटायचा नाही. पनवेलच्या आमच्या चाळीत तिच्या गॅलरीत बुद्धिबळाचा पट कायम मांडलेला. एका बाजूला आत्या, समोर येईल तो. मीटर बघायला येणारा, पेपरवाला, करंज्याहून सुकी मासळी आणणारी कोळीण. ही कोळीण तर पाटी उतरवायच्या आधीच आत्याला सांगायची, "घोरा काढ आत्ये, नाय तं मरल तो."

"अगं, तू माझ्याविरुद्ध खेळतेयस ना?"

"मंग काय झालं? तुजा हाय म्हून मरू देव?"

आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. मी तिचं रोजचं गिऱ्हाईक. आठवीनंतर शाळा सुटली, तळोज्याला वेल्डिंग शिकलो आणि मस्कतला गेलो. चार महिन्यांत पळून आलो. सगळ्यांना सांगितलं, तब्येत बिघडली. आत्याने मात्र दोन-तीन डाव खेळून झाल्यावर विचारलं, "कुठल्या वारी जास्त त्रास व्हायचा?" शुक्रवारी, म्हटलं. म्हणजे सुट्टीच्या दिवशी. खोलीत बसलो की छाती धडधडायची, घास उतरायचा नाही. "मग तू कामाला नाही घाबरत," ती म्हणाली, "सुट्टीला घाबरतोस."

मस्कतहून पुन्हा बोलावणं आलं तेव्हा एजंटने बजावलं, या वेळी परत आलास तर माझं दार बंद. मी होकार दिला आणि झोप उडाली. तेव्हा आत्यानेच काढलं, की आता बुद्धिबळ खेळणारी मशीनं मिळतात म्हणे, प्रवासात नेता येतात. चल, बघू.

परदेशी वस्तू विकणाऱ्या शौकतभाईंकडे ती मिळाली. आत्या काउंटरवरच खेळायला बसली. आठ-दहा चाली झाल्या आणि मशीन पिपाणीसारखं वाजू लागलं, पुढे खेळेना. "बिघडलंय," आत्या म्हणाली. दुसरं आणलं, तेही तिथेच अडलं. तिसऱ्यालाही तिने नापास केलं तेव्हा शौकतभाईंनी कपाळाला हात लावला. "आत्याजी, कंपनीने कसम खाल्लीय का खराबच बनवायची? बघू, काय खेळताय?"

आत्याने राजा उचलला आणि अडीच घरं उडवला. आमच्याकडे शह लागायच्या आधी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. लहानपणापासून आम्ही तसंच खेळत आलेलो.

"राजा कुठे उडतोय?" शौकतभाई म्हणाले. "तिकडच्या कायद्यात नाही हे."

आत्याने राजा परत जागेवर ठेवला. मला वाटलं, आता उठणार. ती म्हणाली, "मग तिकडचे कायदे शिकवा. पोराला तिकडेच राहायचंय." आणि साठी उलटलेली ती बाई आठवडाभर रोज दुकानात जाऊन शिकली, घरी येऊन मला शिकवत राहिली. जुनी सवय काही सुटेना. राजा उचलायची, हवेत थांबायची, स्वतःलाच शिवी देऊन खाली ठेवायची.

मला खिशात मावणारं मशीन आवडलं होतं, पडद्यावर सोंगट्या दिसणारं. आत्याचं मन बसलं जेवणाच्या डब्याएवढ्या दुसऱ्यावर. त्याला खराखुरा पट होता, भोकांत खोचायच्या सोंगट्या होत्या. शौकतभाईंना विचारून तिने ते रिक्षात घातलं आणि मला घेऊन पळस्प्याच्या नाक्यापर्यंत खेळत गेली. रिक्षावाल्याला म्हणाली, "खड्डे चुकवू नकोस."

"आजी, कमरेचं काय?"

"कंबर माझी आहे. तू चालव."

एकही सोंगटी पडली नाही. तरी मी म्हटलं, "आत्या, ते छोटं किती सुटसुटीत आहे."

"त्याच्यात एकट्यानेच डोकं घालता येतं," ती म्हणाली.

मस्कतला पहिला शुक्रवार आला. खाटेवर मशीन उघडलं, सोंगट्या खोचल्या. वरच्या खाटेवरचा केरळचा सुतार खाली डोकावला, मग उतरलाच. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. त्याने मशीन उलटं करून त्यातले सेल काढले, माझ्या उशीवर ठेवले आणि समोर बसला. दुपारच्या जेवणाला आम्हाला हाक मारावी लागली.

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो. आत्याने नोकरीचं काही विचारलं नाही. म्हणाली, "तुला दिलेले सेल पुरले का रे?"

"एक पाकीट अजून फोडलंच नाही."

"मग बरं निवडलं," म्हणाली आणि पट मांडायला घेतला.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून इथे मस्कतलाच आहे. शुक्रवारी खोलीत नवा मुलगा गप्प बसलेला दिसला, की मी पट त्याच्या खाटेवर नेतो आणि पांढऱ्या सोंगट्या त्याच्याकडे करतो.