दाजींचा त्रिकोण

बारा जून, गुरुवार. पत्र्याची जुनी पाटी सँडपेपरने घासून तिला पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिला आहे. तो वाळायला दोन तास लागतील. तेवढ्यात दाजींबद्दल लिहून टाकते, कारण ही पाटी त्यांच्यामुळेच रंगवावी लागते आहे. कायदा पाळण्यासाठी रोज दोन वेळा रिक्षा करून जाणारा माणूस अख्ख्या लातुरात एकच आहे आणि तो माझ्या आक्काचा नवरा आहे.

दाजी सरकारी मोजणीदार होते. लोह्यापासून हिमायतनगरपर्यंत आणि नंतर उदगीरकडे त्यांनी इतके बांध मोजले, की दोन भावांना शेजारी उभं पाहिलं तरी त्यांची नजर आपोआप मधल्या जागेकडे जाते. निवृत्त होताना शाल-नारळ मिळाला, तो त्यांनी त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकला. भंगारात निघालेली तेहतीस फुटी लोखंडी साखळी मात्र त्यांनी रीतसर बोली लावून घेतली. तिला ते अजून जुन्या लोकांसारखं ‘जरीब’ म्हणतात आणि ती देवघराशेजारच्या खुंटीला टांगलेली असते. माझ्या लग्नात भटजी उभे, नवरा उभा, लोकांच्या हातात अक्षता, आणि दाजींना दिसलं की मांडव नऊ इंच शेजाऱ्याच्या जागेत गेलाय. “मुहूर्त पुढं ढकलता येतो, हद्द न्हाई,” असं म्हणून त्यांनी तीन खांब उपटून पुन्हा रोवायला लावले. अकरा मिनिटं उशिरा लागलेलं ते लग्न अजून टिकून आहे, याचं श्रेय दाजी खांबांना देतात. जेवायला बसले की पहिली भाकरी दोन्ही हातांत धरून फिरवून बघतात. “आज ईशान्येला वाढली जरा,” असं म्हणतात आणि ईशान्येकडूनच मोडायला घेतात. माझी आक्का चाळीस वर्षं भाकऱ्या थापते आहे. ती फक्त पुढची भाकरी तव्यावर टाकते.

सिगारेट त्यांना मोजणीनेच लावली. निशाणीचा दगड रोवला की दोन्ही बाजूंचे लोक मोजणीदाराला शिव्या घालणार, हे ठरलेलं. तेव्हा तोंडाला काहीतरी काम हवं म्हणून ते एक पेटवायचे. एका मोजणीला एक, असा हिशोब होता. पुढे सरकारने कायदे केले आणि दाजींसारखा कायदा पाळणारा माणूस हळूहळू कामातून गेला. सार्वजनिक जागी ओढायची नाही म्हटल्यावर त्यांनी कचेरीच्या आवारात, स्टँडवर, दवाखान्यापाशी पेटवणं त्याच दिवशी सोडलं. मग सुटी सिगारेट विकायला बंदी आली. टपरीवर सगळे अजूनही एकेक घेत होते, पण दाजी म्हणाले, “सुटी घेतली तर इकणाऱ्याचा गुन्हा आपल्यामुळं होतो.” म्हणून ते अख्खं पाकीट घेऊ लागले. पाकीट घरात आल्यावर एकाच्या चार झाल्या. त्या पाकिटावर सडलेल्या घशाचं चित्र. ते बघून दाजींना जेवण जाईना, म्हणून ते पाकिटाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे, पहिलीच्या पुस्तकाला घालतात तसं. शेवटी त्यांना बिनचित्राचं पाकीट सापडलं. चोरट्या वाटेने आलेला परदेशी माल, वर सोनेरी अक्षरं, ना चित्र, ना किंमत, ना कर भरल्याची खूण, आणि अर्ध्याहून कमी भावात.

“दाजी, हा तस्करीचा माल आहे,” मी म्हणाले.

“आसंल.”

“तुम्ही एवढे कायद्याचे, आणि हे चालतं?”

“ते खातं येगळं हाय, मास्तरीणबाई. मी मोजणीचा माणूस.”

मी घरी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते, म्हणून मी मास्तरीणबाई.

एक दिवस दाजींनी शाळेच्या भिंतीवर वाचलं, की तिथून शंभर वारांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे. ही मनाई विकण्यापुरती आहे, ओढणाऱ्याच्या घरापुरती नाही, हे मी त्यांना पाच वेळा सांगितलं. “कायदा इक्रीचा आसंल, पण अंतर सगळ्यांचं असतं,” हे त्यांचं उत्तर. त्याच दुपारी त्यांनी शाळेच्या फाटकापासून जरीब टाकली. शंभर वार म्हणजे नऊ साखळ्या आणि वर तीन फूट. ती हद्द त्यांच्याच घरातून, नेमकी पलंगावरून गेली. पुढचा महिनाभर ते पायथ्याशी झोपायचे आणि उशाशी सरकून ओढायचे. मग मागच्या गल्लीत शिकवणीचा क्लास निघाला आणि उशाकडची बाजूही गेली.

“क्लास म्हणजे शाळा नाही, दाजी.”

“लातुरात शाळेत हजेरी लागती. शिकवणी क्लासातच होती. मग शाळा कोणती?”



तेव्हा त्यांनी शहराचा नकाशा केला. कागदाला कागद जोडत तो बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गेला. तीन आठवडे आक्का केरसुणी घेऊन दारात उभी राहून परत जायची. नकाशाच्या मापाने शंभर वारांचं वर्तुळ आक्काच्या हिरव्या बांगडीएवढं भरत होतं, म्हणून तिची एक बांगडी दाजींनी मागून घेतली. शाळा दिसली की बांगडी ठेवायची, पेन्सिल फिरवायची. कॉलेज दिसलं, बांगडी. क्लास दिसला, बांगडी. लातुरात क्लास किती, हे लातूरकरांना सांगायला नको. ज्या दिवशी शेवटची बांगडी फिरली, त्या दिवशी दाजींनी मला फोन करून बोलावून घेतलं. सगळा नकाशा वर्तुळांनी भरला होता आणि तीन वर्तुळांच्या बेचक्यात एक त्रिकोण कोरा उरला होता. “एवढीच जागा,” ते दबक्या आवाजात म्हणाले. गुप्तधन सापडल्यावर माणूस असाच बोलत असेल.

त्या त्रिकोणात एक कडुलिंब, एक बंद शटरचा गाळा आणि नागनाथची पानटपरी आहे. दाजी सकाळ-संध्याकाळ रिक्षाने तिथे जाऊ लागले. नागनाथ बिनचित्राची पाकिटं बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. दाजींनी त्याला टपरीचा मोजणी नकाशा सही करून दिला आणि त्याने तो देवाच्या फोटोशेजारी लावला. एकदा तपासणीला दोघेजण आले. दाजींनी त्यांना उन्हात तिन्ही फाटकांपासून जरीब ओढायला लावली आणि तेहतीस फुटी साखळीचे सोळा आणे, म्हणजे सोळा सारखे भाग, कसे मोजतात, ते समजावून दिलं. तासाभराने ते दोघे पाणी पिऊन निघून गेले. बिस्किटांच्या डब्याकडे बघायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

हसण्यासारखं होतं तोवर आम्ही हसलो. एप्रिलमध्ये दाजी दोन जिने चढून माझ्याकडे आले आणि पाणी मागायला त्यांच्याजवळ श्वास नव्हता. हाताने खूण केली. छातीच्या डॉक्टरांनी आक्कासमोरच सांगितलं, “आत्ता सोडलं तर आहे तेवढं टिकेल. नाहीतर वर्षभरात ऑक्सिजनचं नळकांडं बरोबर घेऊन फिरावं लागेल.” दाजींनी मान डोलावली आणि दवाखान्यातून थेट त्रिकोणात गेले. त्या संध्याकाळी आक्का माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. रडली नाही. लसूण सोलायला घेतला आणि पाव किलो सोलून ठेवला.

“माझं ऐकत न्हाईत गं. लेकीचं ऐकत न्हाईत. डॉक्टरचंबी न्हाई.”

“मग ऐकतात कुणाचं?”

“त्या जरिबीचं,” आक्का म्हणाली.

मी त्यावर दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्या बंद शटरच्या मालकाला भेटले. गाळा मिळाला. घरातला क्लास तिथे न्यायचं ठरवलं. मुलं सात आहेत, पण सात मुलांची शिकवणीही शिकवणीच. नागनाथला कळलं तेव्हा तो टपरीतून खाली उतरला.

“बाई, पोटावर पाय देऊन राहिल्या तुम्ही.”

“वह्या ठेव, पेनं ठेव, चहाची शेगडी मांड. पोरांचे आई-बाप सोडायला येतील.”

“आन् त्या डब्यातलं?”

“त्याच्यात बिस्किटं ठेव.”

इथपर्यंतचं गुरुवारी लिहिलं होतं. पाटीचा दुसरा हात वाळल्यावर अक्षरं आखत होते, तेव्हा दाजी आले. जिन्यात दोनदा थांबले, ते मला ऐकू येत होतं. पाटीवर पेन्सिलीने आखलेली अक्षरं त्यांनी वाचली, खालचा पत्ताही वाचला. आक्काची हिरवी बांगडी त्यांनी खिशातून काढली, पाटीवर ठेवली, परत उचलली.

“पोरं किती?”

“सात.”

“शिकवणार काय?”

“पहिला धडा भूमितीचा.”

“फाटक कोणत्या बाजूला धरायचं?”

“शटर एकच आहे, दाजी.”

“मग समदंच गेलं,” ते म्हणाले. खोकला येऊन गेला. “उद्या सातला येतो. मोजल्याबिगर मी मानणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढून पाटी टांगली. दाजी जरीब खांद्यावर घेऊन आले. एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, म्हणाले, “दारापाशी घट्ट धर, हलू नको,” आणि निघाले. पुढच्या साखळ्यांना मागचं टोक ते जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला अडकवत गेले. नऊ साखळ्या आणि वर तीन फूट. नागनाथची टपरी मागे पडली, कडुलिंब मागे पडला. पलीकडे मुलींच्या शाळेची भिंत होती, तिथे ते थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पांढरा शर्ट, हातात साखळी, आणि उभं राहायला जागा नाही. मग ते परत आले, वाटेत तीनदा बसून. खिशातलं सोनेरी अक्षरांचं पाकीट त्यांनी नागनाथच्या फळीवर ठेवलं आणि मला म्हणाले, “मोजणी बराबर हाय. आपली हरकत न्हाई.”

मुलं येऊन बसली होती. दाजी मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांचा श्वास मला फळ्यापर्यंत ऐकू येत होता. मी खडू घेऊन वर्तुळ काढलं. श्वास जुळवायला त्यांना जरा वेळ लागला, पण आवाज आला.

“ईशान्येला वाढलंय.”

मी ते पुसलं आणि पुन्हा काढलं.