शनिवारची तीन दुकानं

एका गाडीतून तीच ती माणसं वर्षानुवर्षं जा-ये करायला लागली की त्यांच्याकडे किस्से साठत जातात. मुद्दाम कोणी जमवत नाही. पण एक सांगायला घेतला की त्याला चिकटून दुसरा निघतो, आणि घरचे म्हणतात, "झालं यांचं सुरू."

आमची शाळा एरंडोलच्या पुढे एका खेड्यात. गाडी पाटील सरांची, ते गणित शिकवतात. विज्ञानाच्या चौधरी मॅडम आणि मी, मराठीची, मागच्या सीटवर. आम्ही तिघंही जळगावला पिंप्राळ्यात राहतो. शनिवारी पुढच्या सीटवर चौथा माणूस असतो, आमच्या शाळेचे शिपाई आबा. ते मूळचे धुळ्याकडचे, बोलतात अहिराणी, राहतात शाळेच्या गावात, आणि सुट्टीला मुलाकडे जळगावला येतात.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी घरी परतताना आठवड्याचं सामान घ्यायचं, असा आमचा रिवाज पडला. सामान घेण्याच्या जागा तीन. हायवेवरचं मोठं सुपरमार्केट, तिथे भाव सगळ्यात कमी. स्टेशनकडचं दुमजली, त्याला आम्ही 'काचेचं' म्हणतो, तिथे एकेका वस्तूचे पंधरा प्रकार. आणि आमच्या कॉलनीतलं लहानसं, त्याची डाळ-तांदूळ निवडायला बसावं लागत नाही. पाटील सर पहिल्याच्या बाजूचे, मी दुसऱ्याच्या, चौधरी मॅडम तिसऱ्याच्या. आबा कोणाच्याच बाजूचे नाहीत, त्यामुळे भांडण नेहमी त्यांच्यासमोर मांडलं जातं.

*

एकदा तूरडाळीवरून फार वाजलं. पाटील सर म्हणाले, "डाळ ती डाळ. शिजली की सगळी सारखी."

चौधरी मॅडम म्हणाल्या, "सर, बोलून काय उपयोग? प्रयोग करू."

प्रयोग माझ्या घरी ठरला. तीन दुकानांतून अर्धा-अर्धा किलो डाळ आणली. तीन कुकर लावले, त्यातला एक शेजारणीचा. मॅडमनी भांड्यांना अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावल्या, पाणी मापाने घातलं, शिट्ट्या मोजल्या. कोणती डाळ कुठली हे त्यांनी कागदावर लिहून कागद स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. परीक्षक अर्थातच आबा. त्यांना पाटावर बसवलं, समोर तीन वाट्या ठेवल्या.

आबांनी तिन्ही वाट्या सावकाश चाखल्या. मध्ये पाणी प्यायले. पुन्हा चाखल्या. आम्ही तिघं निकाल लागायचा म्हणून ओणवे होऊन बघतोय.

आबा म्हणाले, "दाय बठ्ठी चांगली शे, तिन्ही. पन मीठ कोठे शे?"

मग मी तिन्ही डाळी एका पातेल्यात ओतल्या, लसणाची फोडणी दिली आणि आम्ही भाताबरोबर जेवलो. मॅडमचा कागद नंतर सापडला नाही.

*

चौधरी मॅडमचं माहेर यावलकडचं. बारदान उघडायच्या आधी आतला माल कसा आहे ते त्या सांगतात. भरताचं हिरवं वांगं घ्यायचं तर हातात धरून वजनाचा अंदाज घेतात, आकाराच्या मानाने हलकं लागलं तरच घेतात, कारण त्यात बिया कमी. हे त्या इतक्या मन लावून करतात की हायवेवरच्या दुकानात लोक त्यांना तिथल्याच समजतात.

"मॅडम, कारली कुठं ठेवलीत?" असं कोणी विचारलं की त्या कारली दाखवतात आणि वर सांगतात, "आज नका घेऊ, जून आहेत. गिलके घ्या."

एकदा एक गृहस्थ तावातावाने मॅनेजरकडे गेले. म्हणाले, "तुमची ती भाजीवरची बाई आहे ना, ती मला काही घेऊच देत नाही."

मॅनेजरने येऊन पाहिलं. आमची बाई टोमॅटोच्या क्रेटमधून पिचके टोमॅटो बाजूला काढत होती. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण तो जरा वेळ बघत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त शनिवारीच येता का?"

*

धुळ्याला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पाटील सरांची सासुरवाडी धुळ्याची, त्यामुळे धुळ्यात सगळं स्वस्त असतं हा त्यांचा जुना सिद्धांत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्हाला घेऊन ते एका सुपरमार्केटमध्ये शिरले आणि शेंगदाण्याच्या तेलाचा पंधरा लिटरचा डबा उचलून आले. चेहऱ्यावर तेज होतं.

परतताना डबा माझ्या आणि मॅडमच्या मध्ये. झाकण कुठेतरी सैल होतं. पारोळ्यापर्यंत माझी साडी तेलकट झाली, एरंडोलला मॅडमची पर्स. सर आरशातून बघत म्हणत राहिले, "थोडं सांभाळा, पण भाव बघा ना."

घरी डबा उतरवला तेव्हा वहिनी, म्हणजे पाटील सरांच्या मिसेस, दारात होत्या. त्यांनी चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. पॅकिंग जळगावच्या एमआयडीसीत झालं होतं, त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "बरं केलंत. त्यालाही जरा फिरवून आणलंत."

*

याच वहिनी पुढच्या वर्षी आजारी पडल्या. मोठं ऑपरेशन झालं, नंतरची औषधं कडक. तोंडाची चव पूर्ण गेली. काही समोर ठेवलं तरी दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. सरांचं वर्गात लक्ष नसायचं. फळ्यावर गणित अर्धं सोडून ते खिडकीतून बाहेर बघत राहायचे.

एका शनिवारी गाडी सुरू करण्याआधी ते मागे वळून मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या काचेच्या दुकानात खायचे किती प्रकार असतात हो?"

आम्ही चौघं तिथे गेलो. दोन ट्रॉल्या घेतल्या. सूप, लोणची, पापड, आंब्याची पोळी, चार तऱ्हेचा मुरांबा, नावंही उच्चारता येणार नाहीत असले सॉस. आबांनी चिंचेच्या गोळ्या टाकल्या. ह्यातलं काहीतरी एक गोड लागेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. सरांनी एकाही पाकिटाची किंमत पाहिली नाही.

घरी नेऊन ते सगळं त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलं आणि वहिनींना हाताला धरून आणलं. वहिनी बघत राहिल्या. ओटा भरला होता, गॅसवर ठेवलं होतं, सिंकच्या कडेवर मुरांब्याची बाटली होती. मग त्या हसायला लागल्या. टाके दुखतात म्हणून पोटाला हात लावून हसत होत्या. म्हणाल्या, "अहो, हे सगळं संपवायचं म्हणजे मला बरं व्हावंच लागणार."

त्या दिवशी त्यांनी ओट्यावरचं काहीच खाल्लं नाही. मऊ भात मागितला, त्यावर वरण, आणि वाटीभर खाल्ला. सरांनी हे मला फोनवर सांगितलं.

आता वहिनी चांगल्या आहेत. मुरांबा संपला. सॉस मात्र आम्हाला वाटावे लागले.

*

चौधरी मॅडम केळी कधी विकत घेत नाहीत. माहेरच्या बागेतला घड दर महिन्याला घरी येतो. काचेच्या दुकानात एकेका केळ्यावर स्टिकर लावून ठेवलेलं दिसलं की त्या म्हणायच्या, "ही आमच्याकडचीच असतील, पण आता ओळख देत नाहीत."

एका उन्हाळ्यात त्यांच्याकडे वादळ झालं. अर्ध्या तासात उभी बाग आडवी. मॅडम दोन दिवस माहेरी राहून आल्या, शाळेत नेहमीसारखे तास घेतले.

शनिवारी आम्ही बिल करायला उभे होतो. मॅडम मागे राहिल्या. वळून पाहिलं तर केळ्यांपाशी उभ्या होत्या. मग त्यांनी अर्धा डझन उचलली, पिशवीत न घालता हातात धरूनच बिल केलं. गाडीत बसल्यावर आम्हा सगळ्यांना एकेक दिलं, एक स्वतः सोललं आणि भावाला फोन लावला.

"दादा, आज केळी विकत घेतली."

गाडी सुरू झाली नव्हती, त्यामुळे पलीकडचं आम्हालाही ऐकू येत होतं. त्याने विचारलं, "कशी आहेत?"

"आपल्यासारखी नाहीत."

"मग पुढच्या वर्षीपर्यंत थांब," तो म्हणाला. "आज कंद लावायला घेतलेत."

*

आबांच्या मिसेसना आम्ही सगळे अक्का म्हणतो. आबा त्यांना 'दीपकनी माय' म्हणतात. दीपक म्हणजे त्यांचा जळगावचा मुलगा. अक्कांचं खरं नाव काय, हे शाळेत कोणालाच माहीत नव्हतं, कारण आबांनी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झालेली.

नातवाचा वाढदिवस होता म्हणून एका शनिवारी अक्काही गाडीत आल्या. भेटवस्तू घ्यायला काचेच्या दुकानात गेलो. आबा खेळण्यांपाशी रमले, आणि मागे वळून बघतात तर अक्का नाहीत. त्यांच्याकडे मोबाइल नाही, पिशवी आबांच्या हातात. दुकानात शनिवारची ही गर्दी. आबांचा चेहराच उतरला. अक्का शहरातल्या दुकानात पहिल्यांदाच आल्या होत्या.

आम्ही काउंटरवर गेलो. तिथली मुलगी चांगली होती. म्हणाली, "बाबा, काळजी करू नका. त्यांचं नाव सांगा, मी माइकवर पुकारते."

"अक्का," आबा म्हणाले.

"अक्का नाही, नाव सांगा."

"दीपकनी माय."

"बाबा, इथे दीपकच्या आया चार-पाच तरी असतील."

आबा माझ्याकडे बघायला लागले, मग पाटील सरांकडे. सर छताकडे बघत होते. शेवटी त्या मुलीने माइकच त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्हीच बोला. तुमचा आवाज त्या ओळखतील."

मी आणि चौधरी मॅडम वरच्या मजल्यावर शोधायला निघालो. जिन्यात असतानाच दुकानातलं गाणं बंद झालं आणि स्पीकरमधून खोकला ऐकू आला. मग काही क्षण नुसती खरखर. मग आबांचा आवाज आला, अगदी हळू.

"सुभद्रा."

आम्ही जिन्यातच थांबलो.

"सुभद्रा, खाले काउंटरजोडे ये. मी आठे उभा शे."

अक्का वर स्टीलच्या डब्यांपाशी सापडल्या. हातात एका डब्याचं झाकण होतं. घाबरलेल्या वगैरे नव्हत्या. मान वर करून छताच्या स्पीकरकडे बघत उभ्या होत्या.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "अक्का, चला, आबा खाली काळजीत आहेत."

त्या जागच्या हलल्या नाहीत.

"थांब माय जराशी," त्या म्हणाल्या. "आजून एकदाव हाक मारू दे त्यास्ले."