उभ्या पिकातला बांध

नव्वदच्या दशकाची अखेर होती. एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं कॉम्प्युटरमधला एक जाणकार पारनेरच्या एसटीतून माझ्या केडगावच्या डीटीपीच्या दुकानात आला. पुढे केलेलं पाणीही त्यानं घेतलं नाही. माझ्या एकुलत्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टीम बसवायची होती, आणि त्यासाठी डिस्कवरचा सगळा मजकूर सरकवून जागा करायची होती. त्यात छपाईला निघालेली चर्चची अख्खी स्मरणिका होती. फ्लॉप्यांवर कॉपी घेतली, तरी तो म्हणाला, "ताई, फ्लॉपीचा भरवसा न्हाई. उभ्या पिकात बांध सरकवायचा हाय. मधीच लाइट गेली, तर पीक गेलं."

मग उठला तो थेट शेजारच्या पिठाच्या गिरणीत. तिची मोटर सुरू झाली की आमच्याकडे व्होल्टेज पडायचं. हात जोडून त्यानं ती बंद करवली. डबे घेऊन आलेल्या बायका आठ्या घालून ओट्यावर बसल्या.

परत येऊन त्यानं एन्टर दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. शर्टाची एकच गुंडी पिळत राहिला.

"तुमी बघा. मला भ्या वाटतं."

एवढा जाणकार घाबरलेला पाहून मी खुर्ची पुढे ओढून बसले. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. ती भरल्यावर मी स्मरणिका उघडली.

"आहे हो सगळं!"

"शेवटचं पान बघा."

तेही होतं. तेव्हा कुठे तो वळला, आणि त्यानं पाणी मागितलं.

तांब्या तोंडाला लावतो न लावतो, तोच गिरणी सुरू झाली आणि ट्यूबलाइट लुकलुकली. काम केव्हाच संपलं होतं, तरी आम्ही दोघंही दचकून उभे राहिलो.