पाळणा थांबवण्याची खूण

आमच्या घरात पातेल्यावर झाकण टिकत नसे. आमटी उकळतेय आणि झाकण कुठे, तर ओट्याखालच्या फरशीवर. तिथे माझी सात वर्षांची लेक पालथी पडलेली असायची. झाकण उभं धरून ती बोटांनी अशी काही गिरकी द्यायची की ते बराच वेळ उभ्या उभ्या फिरत राही, मग खणखणत आडवं होई. आडवं झालं की पुन्हा उभं. शेजारणींना त्याचं भारी कौतुक. एकीने तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला वाण म्हणून स्टीलचं झाकणच दिलं, आणि वर 'हे छान फिरतं, मी बघून आणलंय' असंही सांगितलं.

अशा मुलांना आज स्वमग्न म्हणतात. सत्तरच्या दशकात भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समध्ये आमच्यापाशी तो शब्द नव्हता. कुणी म्हणे जरा निराळी आहे, कुणी म्हणे बाहेरचं काही असेल, आणि असं म्हणणाऱ्यांशी मी कडाकडा भांडत असे. ती बोलत नव्हती याचं दुःख होतंच, पण त्याची हळूहळू सवय झाली होती. सवय झाली नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीची. लाडू हवा असला की ती माझं मनगट धरून माझा हात डब्यावर नेऊन ठेवायची, चिमटा वापरावा तसा. माझ्या तोंडाकडे मात्र एकदाही बघायची नाही. तिने एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे बघून काहीतरी मागावं, एवढंच मला हवं होतं. चंद्र मागितला असता तरी मी शिडी शोधायला गेले असते.

आमचे हे वीजघरात पाळीवर असत. तिथे यंत्रांचा आवाज इतका, की माणसं हातांनी बोलत. बोट हवेत गोल फिरवलं की चालू कर. दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले की बंद कर. ओरडण्याचा उपयोगच नसल्यामुळे ओरडणाऱ्याकडे लक्ष न देण्याची सगळ्यांना सवय जडलेली. ही सवय हे घरीही घेऊन येत. मी स्वयंपाकघरातून दहा हाका मारल्या तरी हे ढिम्म, आणि भात आणखी हवा असला की हाताने खूण. मुलीशीही तसंच. मग मुंबईच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की घरात खुणा करू नका, तोंडाने बोला, खुणांनी काम भागलं तर मूल बोलेल कशाला? झालं. मी त्याच संध्याकाळी घरात कायदा केला: हात बंद. ह्यांनी बिचाऱ्यांनी हात खिशात घातले. दोन वर्षं मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. ह्यांना त्या काळात एकच नवा नाद लागला. रोज संध्याकाळी मागच्या अंगणात सायकल उलटी करून तिला तेल घालत बसायचे, आणि लेक शेजारी. सायकलला रोज कसलं तेल, असं मी विचारलंही होतं. साखळी कुरकुरते म्हणाले.

त्या वर्षी डोंगराखालच्या देवीच्या जत्रेला लेकीला न्यायचं मी ठरवलं. जत्रेत लाकडी पाळणा येतो, चार खोक्यांचा, माणसांनी हातांनी फिरवायचा. लहानपणी मी त्यात बसून इतकी किंचाळायचे की वडील ओळख दाखवायचे नाहीत. जिला झाकणाची गिरकी एवढी आवडते, तिला झाकणात बसवलं तर काय होईल, असा माझा साधा विचार होता. ह्यांना तो पसंत नव्हता. आदल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्यात बँड सुरू झाला तेव्हा लेक कान दाबून मांडवात आडवी झाली होती आणि अर्धा तास किंचाळत होती. त्यानंतर आम्ही कुठल्याच कार्याला गेलो नव्हतो. पुन्हा तसंच झालं तर, असं हे म्हणाले. मी म्हटलं, झालं तर झालं, जत्रेत सगळेच किंचाळतात, आपली एक जास्त.

दुपारी ह्यांच्या पाळीतल्या तिघांसोबत आम्ही भाजीच्या टेंपोतून निघालो. लेकीच्या कानात मी कापूस भरला होता, हे कामावर भरतात तसाच. जत्रेत भोंगे, पिपाण्या, भजी तळण्याचा धूर, सगळं होतं. ती माझ्या पदरात तोंड खुपसून चालली. तोंडाने मी बडबड चालूच ठेवली. डॉक्टरांनी बोला सांगितलं होतं ना.

पाळणा दिसला आणि तिने पदर सोडला. मान वर करून ती उभीच राहिली. पाळणेवाला म्हातारा जवळ आला, तिच्याकडे बघून मला म्हणाला, "पोर घाबरायची नाय ना गं बाय?" मी म्हटलं, तिचं नाही सांगता येत, माझी खात्री आहे, मी घाबरणार. तो हसला आणि त्याने आम्हा दोघींना एका खोक्यात बसवून आडवी दांडी लावली.

आता चूक कुठे झाली ते सांगते. म्हाताऱ्याची फिरवणारी माणसं चहाला गेली होती. तो त्यांना हाक मारायला वळला, तेवढ्यात आमच्या पाळीतले तिघे पुढे सरसावले. आम्ही रोज डोंगरावरच्या पाण्याने यंत्रं फिरवतो, हे लाकूड फिरवायला काय लागतं, असा त्यांचा ताव. हे खाली समोर उभे राहिले, जसे कामावर उभे राहत असतील तसे. तिघांनी हात लावला.

पहिल्या फेरीला समोरचा कोंडाण्याच्या लेण्यांचा डोंगर खाली गेला. दुसऱ्या फेरीला वर आला. तिसऱ्या फेरीला मी लहानपणीसारखी किंचाळले आणि मला इतकं हसू आलं की अंबाड्यातले आकडे उडाले. लेक? लेक ताठ बसली होती, डोळे विस्फारून, आणि हसत होती. घशातून खळखळून, आवाज करून हसत होती. असं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी तिला कमरेला घट्ट धरलं आणि दोघी हसत सुटलो.

पण फेऱ्या संपेनात. तिघांना चेव चढला होता. खाली म्हातारा कपाळाला हात लावून ओरडत होता, "अरं, पाळणा हाय तो, गिरणी नाय!" मीही ओरडू लागले. थांबवा. अहो, थांबवा. देवाशपथ थांबवा. कोण ऐकतो? रोज आठ तास ओरडण्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेली माणसं ती. त्यांना हात दिसले असते, पण माझा एक हात लेकीच्या कमरेला आणि दुसरा दांडीला, आणि मेले तरी दोन्हींतला एकही मी सोडणार नव्हते. सकाळची पुरणपोळी घशाशी आली. देऊळ उलटं झालं, टेंपो आभाळात गेला. मी डोळे मिटले आणि रडवेली होऊन लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तिची हालचाल जाणवली म्हणून मी डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत होती. थेट माझ्या तोंडाकडे, भुवया आक्रसून, फिरता फिरता अडखळलेल्या झाकणाकडे बघावं तसं. मग तिने मान फिरवली, खाली ह्यांना शोधलं, आणि दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले.

तत्क्षणी ह्यांनीही तिघांकडे वळून हातांची फुली धरली. तिघांनी पाळणा असा अलगद थांबवला की खोकं हललंसुद्धा नाही.

मला उतरवून त्यांनी गवतावर बसवलं. जग अजून फिरतच होतं. ह्यांनी लिंबू आणून नाकाशी धरलं. मी विचारलं, तिला हे कुणी शिकवलं? आमची पाळीची मंडळी एकदम देवळाकडे बघू लागली.

मग हे हळूच म्हणाले, "सायकल."

उलटी सायकल. तिने बोट गोल फिरवलं की हे हाताने पेडल फिरवायचे, चाक फिरायचं. तिने फुली केली की थांबवायचे. रोज संध्याकाळी, दोन वर्षं, माझ्या पहाऱ्याच्या नाकाखाली. म्हणजे ती मागत होती. रोज मागत होती, तोंडाकडे बघून मागत होती, फक्त मी ज्या बोलीला घरात बंदी घातली होती त्या बोलीत. मला आधी संताप आला. ह्यांचा, डॉक्टरांचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मग रडू आलं, आणि रडता रडता पुन्हा हसू आलं, कारण ह्यांचा चेहरा चोरी करताना पकडलेल्या मांजरासारखा झाला होता.

"तेल एक थेंबही घातलं नाही ना?" मी विचारलं.

"नाही गं," हे म्हणाले.

लेक आमच्यासमोर येऊन उभी राहिली. कानातला एक बोळा कुठेतरी पडला होता, भोंगा बोंबलत होता, पण तिला त्याचं काही नव्हतं. मला वाटलं, आता मनगट धरणार आणि ओढणार. मी हात पुढेही केला. तिने तो धरला नाही. ती वाकली, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि बोट हवेत गोल फिरवलं. मला वाटलं ह्यांना करतेय, म्हणून मी बाजूला सरकले. तीही माझ्यासमोर सरकली आणि पुन्हा बोट फिरवलं.

चहाला गेलेली माणसं परत आली होती. म्हाताऱ्याने आमच्या तिघांना लांब उभं केलं होतं आणि दांडी उघडी धरून वाट बघत होता. पुरणपोळीचा अजून भरवसा नव्हता. मी उठले, पदर कमरेला खोचला, आणि दोन वर्षांनी घरातला कायदा मोडून लेकीपुढे बोट गोल फिरवलं.