पालेसाची आई

आमच्या मोखोत्लोंगच्या डोंगरात सून घरात आली की होणाऱ्या लेकराचं नाव आधीच ठरतं, आणि सुनेला त्याची आई म्हणून हाक मारतात. शेजारच्या थोरल्या सुनेला मापालेसा, म्हणजे पालेसाची आई, असं नाव मिळालं. पालेसा म्हणजे फूल. ते सासूच्या आईचं नाव. वर्षं गेली, पालेसा काही आली नाही.

धाकट्या दिराचं लग्न ठरलं तशी सासू, मालेफू, म्हणाली, "सूनबाई, ते नाव तुझ्याकडे नुसतं पडून आहे. नवीला देऊ. तुला दुसरं बघू काहीतरी."

मापालेसा "बरं, आई" म्हणाली आणि शेण थापायला गेली. मला असा राग आला! नाव म्हणजे काय पातेलं आहे, या चुलीवरून त्या चुलीवर ठेवायला?

त्या वर्षी गारांच्या पावसानं त्यांच्या घरामागचा उतार पार खरवडून नेला होता. मापालेसानं वरच्या कड्यावरून जमिनीला बिलगून पसरणाऱ्या, गरगरीत पानांच्या रोपाचे तुकडे आणले. मातीत खोचले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकाशेजारी दगड ठेवला. येता-जाता ती त्यांच्याशी बोलायची. लोक हसायचे. हसोत मेले.

बर्फ पडला आणि पानं लालभडक झाली.

"मेलं ते. उपटून टाक," सासू म्हणाली.

"मेलं नाही, आई. थंडी वाजतेय, म्हणून लाल ब्लँकेट पांघरलंय."

म्हातारी फिस्सकन हसली. पण दुसऱ्या दिवशी काठी टेकत बघायला गेली. मग रोजच जायला लागली.

लग्नाच्या दिवशी सगळा उतार पिवळ्या फुलांनी भरला होता. मेंढी कापली, अंगण माणसांनी भरलं. नवी सून ब्लँकेट लपेटून मान खाली घालून बसली. म्हातारी नाव सांगायला उठली. कोपऱ्यात भांडी घासणारी मापालेसा मान वर करेना.

तेवढ्यात शेळ्या उतारावर शिरल्या.

"अरे हाकला त्यांना!" म्हातारी किंचाळली. "माझ्या पालेसाला तुडवताहेत!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आपण काय बोललो ते म्हातारीलाही कळलं. ती बराच वेळ उताराकडे बघत राहिली. नव्या सुनेचं नाव तिनं मालिनेओ ठेवलं.

मग थोरलीवर खेकसली, "मापालेसा, बसलीस काय अशी? जा, लेकीला कुठं लागलं का बघ."

ती ओल्या हातांनीच धावली.