शेवटचा भाग संत्र्याच्या पेटीत

पहिलेच सांगून ठेवतो. कादंबऱ्या या घरून त्या घरी फिरत म्हटलं का तुमच्या डोक्यात पानात दडवलेली चिठ्ठी अन् गच्चीवरची पोरगी सुरू झाली असंल. तसं काही नाही. आमच्या पांढुर्ण्यात कादंबरीपायी कोणी पळून नाही गेलं. एक बाई मेली फक्त. ते पण मी मारली.

आमचे गुरुजी नागपूरहून नवी कादंबरी आणत अन् आधी तिची शिवण उसवत. पुठ्ठा पेटीत ठेवून देत. आतल्या पानांचे पाच भाग करून सुईदोऱ्यानं टाचत. पहिल्या घरानं पहिला भाग वाचला का तो दुसऱ्या घरी, अन् पहिल्या घरी दुसरा भाग. अशी एकाच पुस्तकाची वरात गावभर चाले. नेम एकच, पुढचं कोणी सांगायचं नाही. सगळ्यांचं झालं का गुरुजी पुस्तक पुन्हा शिवत.

सगळ्यात शेवटचं घर सौसरचं. तिथं माही मावसबहीण दिली होती. मी तिले ताई म्हणतो. भाग पोचवायले मोटरनं मीच जाओ, अन् चहा होईपर्यंत पुस्तकातल्या लोकांच्या नकला करून दाखवो. तिची सासू तोंडाले पदर लावून हसे.

त्या वर्षीच्या कादंबरीत एक साधी बाई नवऱ्यासंगं दूरच्या शहरात जाते. तिथं तिची भाषा कोणाले येत नाही, अन् ती दिवसभर दाराआड बसून राहते. चौथा भाग तिथंच संपे. नेमके तेव्हाच प्रांत मोडले. नागपूरची राजधानी भोपाळले गेली, अन् तहसिलीतल्या आमच्या भाऊजींची बदली पण तिकडेच निघाली. ताई नागपूरच्या पुढे कधी गेली नव्हती.

"जायच्या आधी शेवटचा भाग आण रे बाप्पा," ती म्हणे. "तिचं तिथं काय झालं ते पाहिल्याबिगर मी गाडीत नाही बसत."

"नाई बऽसत," मी तिच्याच आवाजात म्हटलं. तिनं मले लाटणं दाखवलं.

भाग माह्याजवळ आला, अन् मी तो घेऊन नदीपलीकडं सावरगावले दोस्ताच्या बगीच्यात गेलो. म्हटलं, झाडाखाली आरामात वाचू. तिथं संत्र्याच्या पेट्या भरून राहिले होते. माणसं दिसली का माह्या अंगात येते. भाग ठेवला बाजूले अन् लागलो तहसीलदाराची नक्कल करायले. पेटीच्या तळाशी गवत अन् रद्दी अंथरतात. आमच्या भागाले ना पुठ्ठा, ना नाव. कोणीतरी रद्दीच समजलं. माही नक्कल संपली तेव्हा पेट्या ठोकून बैलगाडी स्टेशनावर गेली होती.

मी धावलो, पण मालगाडी निघून गेली. भागातली एक ओळ पण वाचली नव्हती मी.

दोन दिवसांनी त्याच स्टेशनावर ताई ट्रंकेवर बसून होती.

"आणला का रे?"

"गुरुजींनी शिवायले घेतला," मी म्हटलं. "पण मी वाचला ना! करून दाखवतो."

शेवट मले माहीत नव्हता. पण मरायची नक्कल माही सगळ्यात भारी होती. म्हणून मी त्या बाईले मारलं. खोकलो, फलाटावर आडवा झालो, "मले घरी न्या हो" म्हणत आचके दिले. हमाल हसले, भाऊजी पण हसले. ताई नाही हसली. गाडी हलली तरी तिनं माह्याकडं पाहिलं नाही. मी काय समजलो? नक्कल जमली!

गुरुजींले सांगितलं, गडबडीत भाग ताईसंगंच गेला. ते बिचारे उसवलेलं पुस्तक तसंच घेऊन वाट पाहत राहिले. रस्त्यात दिसले का मी गल्ली बदलो.

पोळ्याले ताई पांढुर्ण्यात आमच्या घरी आली. वाळली होती. गुरुजी त्याच दिवशी येऊन ओसरीवर बसले, घरचे सगळे होतेच. "पोरी, तो शेवटचा भाग दे बरं, शिवून टाकतो."

"माह्याकडं कुठचा, गुरुजी? मले तर यानं फलाटावर मरून दाखवलं."

मग ती माह्याकडं वळली. दुसऱ्या दिवशी नदीवर गोटमार होती, दोन्ही गावं एकमेकांले गोटे मारतात ती; ते गोटे परवडले असते.

"मुडद्या, ती बाई मरतच नाही! नागपूरहून बदलून आलेली शेजारीण घरी आली, तिच्याजवळ पूर्ण पुस्तक होतं, तेव्हा समजलं मले. पुस्तकातली बाई दार उघडते, बोली शिकते, तिथंच रमते. अन् मी? तुह्या त्या खोकल्यापायी कितीक महिने उंबरठा नाही ओलांडला. भाजी पण हेच आणत. जरासं नरड्यात खवखवलं का वाटे, झालं, आता आपली पाळी. मान काऊन खाली घालतं? वर पाहा! गुरुजी बसले आहेत, सगळे बसले आहेत. कर ना नक्कल! दाराआड बसलेल्या बाईची कर. माही कर! काऊन, आता नाही जमत?"